अबला नुहाने मांडलेलं गाव

शुक्रवार, ११ एप्रिल. सकाळपासून एसीच्या जाळ्या धुवायला काढल्या आहेत. इथे आखातात, हुफूफमध्ये एप्रिल लागला की हे काम टाळून चालत नाही, एक वादळ आलं की जाळीवर बोटभर धूळ बसते आणि एसी नुसता कण्हत राहतो. चार जाळ्या धुऊन गॅलरीत ठेवल्या आहेत, दोन अजून टबमध्ये भिजताहेत. त्या भिजेपर्यंत हे लिहून टाकते.

काल दवाखान्यात पाय मुरगळलेली एक शाळकरी मुलगी आली होती. मी घोटा तपासायला हात लावला तशी ती सवयीने ओरडली, "अबला, नको!" इथल्या मुली शाळेत बाईंना अबला म्हणतात. मला चौदा वर्षांपूर्वी, नवीन असताना, हे ऐकून हसू आवरलं नव्हतं. धिप्पाड, खणखणीत आवाजाची बाई वर्गात शिरणार आणि तीस मुली एका सुरात तिला अबला म्हणणार. नंतर कान सरावले. पण मुलीने तशी हाक मारली की मला अजून एकच बाई आठवते, आणि तिच्याइतकी त्या शब्दाला न शोभणारी बाई मी पाहिलेली नाही.

तिला मी इथे नुहा म्हणते. खरं नाव वेगळं आहे. तिच्या गावाचं नाव तर मी लिहिणारच नाही.

मी एका खासगी दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. माझा नवरा सुधीर गॅस प्लांटवर इंजिनिअर. आम्ही नाशिकचे. नुहा पहिल्यांदा आली ती उम्म खलीलला घेऊन. उम्म खलील म्हणजे खलीलची आई, इथे बायकांना थोरल्या मुलाच्या नावाने ओळखतात. वय ऐंशीच्या पुढे, दोन्ही गुडघे झिजलेले. बरोबरची बाई पन्नाशीची, उंच, काळ्या अबायाखाली पांढरे पळायचे बूट, तोंडात कायम वेलदोडा. मी विचारलं, "या तुमच्या आई?" तर म्हणाली, "नाही." सासू? नाही. मावशी? नाही. "मग कोण?"

"आमच्या गावच्या."

माझ्या मनात पहिली पाल तिथे चुकचुकली. कोणी लागत नसलेल्या म्हातारीला आठवड्यातून तीनदा, शाळा सुटल्यावर, टॅक्सी करून दवाखान्यात कोण आणतं? नुहा मुलींच्या एका शाळेत अरबी शिकवायची. त्या वेळेत तिने शिकवण्या केल्या असत्या.

मग तिने मला विचारलं, "तू कुठली?"

"इंडिया."

"इंडिया मोठा आहे. त्यात कुठली?"

"महाराष्ट्र. नाशिक."

"जन्माने नाशिकची? की त्याच्या आधी कुठल्या गावची?"

इथे आम्हाला कोणी इतकं खोल विचारत नाही. हिंदी म्हटलं की संपलं. आपल्याकडे विचारतात, पण का विचारतात ते आपल्याला माहीत असतं, आडनावाने जे कळलं नाही ते गावाने काढायचं असतं. त्यामुळे मी सावधच झाले. निफाडच्या बाजूच्या एका खेड्याचं नाव सांगितलं. तिने ते चार वेळा घोळवून नीट म्हटलं.

"तिथे घर आहे?"

"होतं. विकलं."

"कोणी विकायला लावलं?"

"कोणी नाही. छप्पर गळत होतं, राहायला कोणी नव्हतं. भावाने आणि मी मिळून विकलं."

"स्वतःहून?" ती म्हणाली. मग उम्म खलीलला अरबीत काहीतरी सांगितलं. म्हातारीने मान वळवून माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी पोटचं पोर विकलं होतं.

माझं अरबी म्हणजे सगळे हुकूम. उठ, बस, वाकव, ताठ कर, मागे जा. पेशंटना याहून जास्त लागत नाही. नुहाने ते दोन दिवस ऐकलं आणि म्हणाली, "दक्तूरा, तू अरबी सैन्यात शिकलीस का?" तिला चूक ऐकवत नसे. मी बाईला पुरुषासारखं बोलले की ती वेलदोडा गालात सरकवून दुरुस्त करायची. 'ऐन' या अक्षराची तर तिने माझ्याकडून तालीमच करून घेतली. ते घशातून काढायचं असतं. मला ते अखेरपर्यंत आलं नाही. 'इर्जई' म्हणजे मागे हो, परत जा. त्यात शेवटी ऐन आहे. मी दिवसातून पन्नास वेळा तो शब्द वापरते आणि पन्नास वेळा चुकीचा. पलीकडच्या खोलीत बसणारे आमचे व्यवस्थापक अबू फहद भिंतीतून ऐकून हसायचे.

उम्म खलीलला मी खालती म्हणायचे. अरबीत त्याचा अर्थ मावशी. पण टेबलावरून उतरवताना "खालती, खालती" म्हणताना मला आपण मराठीतच बोलतोय असं वाटायचं, आणि म्हातारी खरंच खाली यायची.

गुडघ्यांना शेक चालू असताना पेशंटला काही काम नसतं. नुहा तो वेळ साधायची. उशीशेजारी फोन ठेवायची आणि प्रश्न विचारायची. मशिदीच्या डाव्या हाताला कोणाचं घर? विहिरीला पायऱ्या होत्या की दोर? शेळ्यांना हाक कशी मारायचे? म्हातारी डोळे मिटून उत्तरं द्यायची, शेळ्यांची हाक तर तिने खरोखर मारून दाखवली आणि बाहेर बसलेले दोन पेशंट उठून उभे राहिले.

फोनवर लाल ठिपका होता. मी सरळ विचारलं, "हे रेकॉर्ड करताय?"

"करतेय."

"कशाला?"

तेव्हा तिने सांगितलं. ते पुरं खरं होतं की नाही हे मला आजही माहीत नाही. तिचं गाव १९४८ च्या युद्धात रिकामं झालं, आता तिथे एक जंगल आहे, पाईनची झाडं लावलेली. तिथली माणसं अम्मान, कुवेत, जर्मनी, चिली, इथे दम्माम-हुफूफ, अशी जगभर पांगली आहेत. नुहा त्यांना शोधायची आणि गावाचा नकाशा पुन्हा जुळवायची. घर न् घर, वाट न् वाट. ज्यांनी गाव डोळ्यांनी बघितलं ते आता बोटांवर मोजण्याइतके उरले होते. उम्म खलीलने गाव सोडलं तेव्हा ती आठ वर्षांची होती.

"आणि नकाशा झाला की काय करणार?"

"मुलांना देणार."

"ती मुलं त्याचं काय करणार?"

"ते तुला का हवंय, दक्तूरा? तुझं सरकार आता कुणाच्या बाजूने आहे?"

"मला सरकारने फोन करून विचारलेलं नाही," मी म्हणाले.

म्हणजे संशय काही माझ्याच बाजूने नव्हता. तिला वाटत होतं मी कोणाला तरी सांगते. मला वाटत होतं ती काहीतरी दडवते. माझ्या मुलीच्या शाळेचं नाव मी सांगण्याआधीच तिला माहीत होतं. स्वतःचा जन्म कुठला, हे तिने मला एकदा कुवेत सांगितलं, एकदा गाझा, आणि एकदा ते गाव. मी तिला हे तोंडावर ऐकवलं. ती म्हणाली, "जन्म कुवेतचा, आजोबा गाझाच्या छावणीत वारले, आणि मी त्या गावची आहे. तिन्ही खरं आहे. तुला एकच उत्तर लागतं, कारण तुझ्याकडे पासपोर्ट आहे."

घरी सुधीरला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, आपण इथे कामाला आलोय. तुझ्या खोलीत कोण काय रेकॉर्ड करतं याचा जाब उद्या तुलाच द्यावा लागेल." ते बरोबरच होतं. दुसऱ्या दिवशी मी नुहाला सांगितलं, तुमचा फोन खोलीबाहेर ठेवायचा. तिने एका शब्दाने वाद न घालता तो बाहेर ठेवला. मला तेव्हाच कळायला हवं होतं. तिसऱ्या खेपेला शेक चालू असताना उम्म खलीलच्या पिशवीत काहीतरी वाजलं. आत दुसरा फोन, लाल ठिपका चालू.

"अबला, हे खोटेपणाचं झालं."

"तू म्हणालीस तुमचा फोन नको. हा माझा नाही. हा तिचा आहे."

म्हातारी हसत होती. तिला सगळं माहीत होतं. मी फोन उचलून बंद केला आणि तिच्या हातात दिला. त्यानंतर नुहा शेकाच्या वेळी नुसती ऐकायची आणि बाहेर पडल्या पडल्या जिन्यात उभी राहून ऐकलेलं सगळं फोनमध्ये बोलायची. जिना माझ्या अखत्यारीत नव्हता.

गाझात युद्ध सुरू झाल्यावर तिने वेलदोडा सोडला आणि बोलणं कमी केलं. एवढाच फरक मला दिसला. ती रडलेली मी पाहिली नाही. घाई मात्र वाढली. एका शनिवारी तिने मला विचारलं, खजुराच्या बागांकडे एक इस्तिराहा भाड्याने घेतलाय, बायका जमणार आहेत, येशील का? इस्तिराहा म्हणजे भिंतीने घेरलेलं अंगण आणि एक-दोन खोल्या, इथे लोक सुट्टीला घेतात.

"कुणाचा कार्यक्रम?"

"घरच्यांचा."

"कुणाच्या घरच्यांचा?"

"सगळ्यांच्या. उम्म खलीलला जमिनीवर बसायचंय. उठायचं, पुन्हा बसायचं. तू नसलीस तर तिचं हाड मोडेल."

"परवानगी काढलीय?"

"चहा प्यायला परवानगी लागते?"

प्रश्नाला प्रश्नाने उत्तर आलं हे माझ्या लक्षात आलं होतं. पण म्हातारीचे गुडघे माझ्या हातातले होते आणि ती जाणारच होती. मी गेले.

दुपार उतरली होती. वीस-बावीस बायका, दम्माम-खोबरहून आलेल्या, थर्मास आणि केक घेऊन. नुहाने अंगणात पाण्याची पिवळी नळी अंथरली, तो गावातला रस्ता. पालथी बादली म्हणजे मशीद. स्वयंपाकाची मोठी परात म्हणजे विहीर. मग ती पांढऱ्या बुटांनी ढांगा टाकत एकेकीला नेऊन बसवू लागली. जिच्या आजीचं घर जिथे, ती तिथे. हळूहळू अंगणात गाव बसलं. एका जागी मात्र कोणी बसलं नाही, त्या घरातलं कोणी तिला सापडलेलं नव्हतं. तिथून जाताना नुहा वळसा घालून जायची.

आणि मग भांडण सुरू झालं.

"तुमचं घर विहिरीच्या अलीकडे कधीच नव्हतं."

"माझी आजी सांगायची, दारातून घागर बुडायची."

"तुझी आजी काय, ती तर नवरा मुख्तार होता म्हणूनही सांगायची." मुख्तार म्हणजे गावचा पाटील.

"आणि तुझ्या आजीने आमच्या भिंतीत आपली चूल घुसवली ती?"

घर नाही, भिंत नाही, विहिरीच्या जागी परात, आणि या बायका हद्दीवरून एकमेकींच्या आज्या काढत होत्या. हे मात्र मला ओळखीचं वाटलं. माझे दोन काका बांधाच्या एका हातावरून आयुष्यभर बोलले नाहीत. न्यायनिवाड्याला बसवली होती उम्म खलीलला. तिचं ऐकता ऐकता एकीने गावच्या रोटीच्या भट्टीची जागा चुकीची सांगितली, आणि म्हातारी कोणाचा आधार न घेता, दोन्ही हात जमिनीवर रेटून, एकदम उभी राहिली आणि चालू लागली. तिचा गुडघा दुमडताना मी पाहिला. पाच-सहा जणी तिला धरायला धावल्या, त्यामुळे ती आणखी डगमगली. मी जोरात ओरडले, "खालती, इर्जई मकानिक! इर्जऊ, कुल्लुकुम, यल्ला!" मावशी, जागेवर परत जा. परत जा, सगळे. सगळ्या थबकल्या आणि आपापल्या जागेवर जाऊन बसल्या. म्हातारीला मी धरलं.

त्याच वेळी कोणाच्या तरी सुनेने फोनवर त्याचं चित्रण केलं होतं. तिचा हेतू वाईट नसावा. तिने ते बहिणीला पाठवलं, बहिणीने आणखी कोणाला. आठवड्याभरात ते नुहाच्या शाळेत पोचलं.

परतणं हा त्या लोकांच्यात साधा शब्द नाही. त्यावर त्यांचं सगळं राजकारण उभं आहे. आता त्या चित्रणात काय दिसतं? जमिनीवर ओळीने बसलेल्या बायका, एक म्हातारी उभी, आणि मागून कोणीतरी हुकमी आवाजात ओरडतंय, परत जा, सगळे परत जा. विनापरवाना सभा आणि वर घोषणा. शाळेने नुहाला घरी बसवलं. शाळा तिची कफील होती, म्हणजे तिचा इकामा, इथे राहायचा परवाना, शाळेच्या हातात, आणि तो पुढच्याच महिन्यात संपत होता. तो वाढवला नाही की देश सोडायचा. तुम्हाआम्हाला तसं झालं तर आपण चिडतो, सामान बांधतो आणि नाशिकला येतो. तिच्याकडे निर्वासितांचा एक दाखला होता. तो देणारा देशसुद्धा तिला आत घेईल याची खात्री नव्हती. कुवेतमध्ये आता तिचं कोणी नव्हतं. गाझाचं बोलायलाच नको.

अबू फहदनी मला बोलावलं. शाळेचे मालक त्यांचे चुलतभाऊ. त्यांनी समोर फोन ठेवला आणि ते चित्रण लावलं.

"दक्तूरा, ती बाई शाळेत म्हणाली की हा गुडघ्याच्या व्यायामाचा कार्यक्रम होता. आणि तो तुमचा होता. खरं?"

मला राग आला. तिने मला न विचारता पुढे केलं होतं. हो म्हणावं तर उद्या माझी आणि सुधीरची चौकशी. नाही म्हणावं तर नुहा खोटी ठरते, आणि खोटी ठरलेल्या बाईला कोण ठेवून घेतं?

"कार्यक्रम माझा नव्हता," मी म्हणाले. "आवाज माझा आहे."

"कुठला आवाज?"

"परत जा म्हणणारा. ऐका पुन्हा."

त्यांनी पुन्हा लावलं. मग फोन कानाला लावून एकदा. त्यांचा चेहरा बदलत गेला.

"ऐन कुठे आहे यात?" ते म्हणाले.

"मला येत नाही. तुम्ही रोज भिंतीतून ऐकता."

ते हसायला लागले. हसता हसता डोळे पुसले. मग थांबून विचारलं, "म्हातारी पडत होती?"

"हो. आणि त्या सगळ्या मध्ये येत होत्या."

"आणि बाकी वेळ काय चाललं होतं?"

"भांडण. घरांच्या हद्दीवरून."

"कुठल्या घरांच्या?"

"आता नसलेल्या."

त्यांनी फोन बंद करून बाजूला ठेवला. शेवटी म्हणाले, "हे एवढंच मी माझ्या भावाला सांगतो. जास्त नाही, कमी नाही. तुम्हीही तेवढंच सांगायचं."

त्याचा उपयोग झाला. पूर्ण नाही. शाळेने तिला परत घेतलं नाही, पण दुसरा कफील शोधायची मुभा दिली, आणि तिला जिझानला, दक्षिणेच्या पार टोकाला, एका शाळेत जागा मिळाली. पुन्हा माणसं जमवणार नाही असं तिच्याकडून लिहून घेतलं.

ती जाणार त्या दिवशी मी स्टेशनवर गेले. सुधीर म्हणाला, "जाऊ नकोस." मी म्हटलं, मला तिला एक विचारायचंय. रियाधची गाडी, तिथून पुढे विमान. ती दोन बॅगा घेऊन बाकावर बसली होती, तेच पांढरे बूट.

"अबला, तुम्ही मला न विचारता माझं नाव पुढे केलंत."

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस?"

"नाही."

"मग?"

"खरं सांगा. त्या दिवशी मला गुडघ्यांसाठी बोलावलंत, की असं माझं नाव पुढे करता यावं, यासाठी?"

"गुडघ्यांसाठी." मग म्हणाली, "आणि यासाठी."

"आधी कुठलं?"

"दक्तूरा, तू फार प्रश्न विचारतेस. लोकांना संशय येतो."

मी हसले नाही. "आता ते काम बंद?"

"माणसं जमवणार नाही असं लिहून दिलंय. दिलेला शब्द मी पाळते." तिने बॅगेचा पट्टा ओढून बघितला. "एकेकटी माणसं फोनवर बोलतात त्याला जमणं म्हणत नाहीत. माझा नंबर काढून टाक. उगाच तुला त्रास."

"काढला तर लपवल्यासारखं दिसेल. राहू दे."

यावर तिने माझ्याकडे जरा कौतुकाने बघितलं असं मला वाटलं. तिच्या बाबतीत मी खात्रीने सांगू शकत नाही.

आभार तिने मानले नाहीत, मिठी मारली नाही. तपासणीच्या फाटकातून आत गेली. काचेपलीकडे बसायच्या आधीच तिने फोन काढला आणि तोंडावर तळवा धरून बोलू लागली. मी हात केला तो तिला दिसला की नाही कोण जाणे. ती ऐकत होती, मान हलवत होती, मध्येच हवेत बोटाने उजवीकडे, मग डावीकडे दाखवत होती. पलीकडे कोण होतं हे मला कळलं नाही. गाडी हलेपर्यंत तिने एकदाही वर बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर दवाखान्यात गेले आणि पर्स खांद्यावरून न उतरवता अबू फहदच्या खोलीत शिरले. म्हटलं, "काल मी स्टेशनवर गेले होते, अबला नुहाला सोडायला. दुसऱ्या कोणाकडून कळायच्या आत मीच सांगते."

त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला. "काही बोलली?"

"तिचा नंबर माझ्याकडे आहे. तो मी काढणार नाही."

"हे मी विचारलं नव्हतं."

"म्हणून सांगितलं."

"खलास, दक्तूरा," ते म्हणाले, म्हणजे पुरे, विषय संपला. मी माझ्या खोलीत गेले, शेकाच्या भांड्याचं बटण दाबलं आणि पहिल्या पेशंटला हाक मारली.